पहिली अंघोळ नानांची

मुरलीधर तांबट नावाच्या माणसाने नाशकातल्या दोन-अडीचशे घरांत अंघोळ केलेली आहे, आणि तीही घरमालकाच्या आधी. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यातल्या निम्म्या अंघोळींच्या वेळी मी बाहेर त्यांची पिशवी सांभाळत उभी होते.

नाना आमच्या कारखान्यात झाळकामाच्या टेबलाचे मुख्य. कारखाना म्हणजे सातपूरच्या वसाहतीतली एक पत्र्याची शेड. तिथे आम्ही उन्हावर पाणी तापवायची यंत्रं बनवायचो. गच्चीवर तिरकी ठेवलेली काळी पेटी, वर काच, आत तांब्याच्या नळ्या आणि तांब्याचाच पत्रा, शेजारी पाण्याची तांब्याची टाकी. नळीला नळी आणि नळीला पत्रा झाळून जोडायचं काम नानांच्या टेबलावर व्हायचं. मालक गांगुर्डे साहेब. चांदवडच्या कांदा व्यापाऱ्याचा इंजिनियर मुलगा. बाप म्हणाला कांद्यात बस, हा म्हणाला मी उन्हात बसतो, आणि बसला. मी नव्वदीच्या सुरुवातीला आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून तिथे चिकटले. कागदावर ड्राफ्ट्समन, प्रत्यक्षात ड्रॉइंग, टायपिंग, फोन आणि साहेबांचा राग, सगळंच माझ्याकडे. चहा मात्र मी कधी केला नाही. ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

नाना जुन्या नाशकातले, पिढीजात तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरातले. घागरी, घंगाळं आणि बंब. हल्लीच्या पोरांना बंब म्हणजे काय ते सांगावं लागतं. तांब्याचं उभं पिंप, मधोमध नळकांडं, त्यात लाकडं पेटवायची, भोवतीचं पाणी तापतं आणि खालच्या तोटीतून घ्यायचं. गिझर आले, बंब माळ्यावर गेले, नानांच्या घरचं दुकान बसलं. तेव्हा साहेबांनी त्यांना सातपूरला आणलं. नानांच्या मते त्यांनी धंदा बदललाच नव्हता. आधी जाळ खालून लागायचा, आता वरून लागतो, बंब तो बंबच. साहेबांनी पत्रकावर हौसेने लांबलचक इंग्रजी नाव छापून घेतलं होतं. नानांनी ते एकदाही उच्चारलं नाही.

यावरून एकदा गंगापूर रोडला जे झालं ते सांगते. एका बंगल्याची ऑर्डर होती. नानांनी स्वतः फोन केला. तो घेतला म्हाताऱ्या सासूबाईंनी, आणि नानांनी एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी नऊला बंब घेऊन येतो, गेट उघडं ठेवा. दुसऱ्या दिवशी आमचा टेम्पो गल्लीत शिरला तर दोन्ही बाजूंना माणसं. बंगल्यातला गॅस सिलिंडर बाहेर पेरूच्या झाडाखाली. देव एका परातीत घालून सासूबाई फाटकाशी उभ्या. आग कुठे लागणार आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, पण बंब येतोय म्हणजे सरकारला काहीतरी कळलं असणार, असा सगळ्यांचा हिशेब. नाना टेम्पोतून उतरले, गर्दी पाहिली आणि मला हळूच म्हणाले, "बघ, किती आवड आहे लोकांना."

त्या सासूबाईंनी पुढे आम्हाला गल्लीतली तीन गिऱ्हाइकं मिळवून दिली. म्हणून साहेबांना रागावताही येईना.

आता अंघोळीचं. बंब बसवला, दिवसभर ऊन लागलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे नाना हजर. पिशवीत पंचा, साबणाची वडी आणि स्वतःचा तांब्या. घरच्यांनी कोणी अंघोळ करायच्या आत नाना न्हाणीघरात. नाशिकची डिसेंबरातली पहाट ज्याने अंगावर घेतली आहे त्याला कळेल की हे काही ऐषारामाचं काम नव्हतं. लोक आधी चपापायचे. कॉलेज रोडचे एक निवृत्त मामलेदार तर दारातच आडवे आले. माझ्या न्हाणीघरात परका माणूस जाणार नाही, म्हणाले. नानांनी शांतपणे विचारलं, तुमच्याकडे लग्नात आचारी आमटी चाखतो की नाही? मामलेदारांनी बाजूला होऊन वाट दिली.

नानांचं मोजमापही त्यांचं स्वतःचं. साहेबांनी इंपोर्टेड थर्मामीटर दिला होता, तो नानांनी कधी खिशातून काढला नाही. ते विसण मोजायचे. कढत पाणी अंगाला सोसेल असं करायला त्यात जे गार पाणी ओततात ते विसण. एका बादलीला किती तांबे विसण लागलं, त्यावर बंबाची लायकी ठरायची. एक तांब्या म्हणजे बंब आजारी, परत गच्चीवर चढायचं. दोन म्हणजे चालेल. तीन तांबे लागले की नाना पंचाने डोकं पुसत बाहेर यायचे, तीन बोटं दाखवायचे आणि घरच्या बाईकडे चहा मागायचे. गॅरंटी कार्डावर तपमानाची जागा होती, तिथेही ते 'विसण तीन' असं लिहायचे, आणि खाली सही. साहेबांनी किती डोकं आपटलं तरी ते बदललं नाही. लोकांनाही त्यातच समजायचं.

मुलींच्या एका वसतिगृहाचं काम मिळालं तेव्हा पंचाईत झाली. तिथे नानांना फाटकाच्या आत सुद्धा कोण घेणार? मग मला धाडलं. पहाटे साडेपाचला मी आत कुडकुडतेय, आणि नाना रस्त्यावरून, खिडकीच्या झरोक्याखाली उभे राहून विचारताहेत, पहिला तांब्या कसा होता, दुसऱ्याला चटका बसला का, पाठीवर घे, पाठीला खरं कळतं. सगळ्या खोल्यांचे दिवे लागले. मी आतून ओरडले की विसण तीन, आता गप्प बसा नाना. वरच्या मजल्यावरून टाळ्या पडल्या. त्या वसतिगृहापुढून जायला मला पुढे दोन वर्षं लाज वाटायची.

टेबलावर नानांबरोबर दोघं होती. इस्माईलभाई आधी गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. जनाबाई पेठ तालुक्यातून द्राक्षाच्या हंगामाला मजुरीला आलेली, तिला नानांनी झाळ शिकवली. दर टाकीला नाना लाकडी हातोडीने टिचकी मारायचे आणि कान लावायचे. तांबं बोललं पाहिजे, म्हणायचे. इस्माईलभाईंना विचारलं की बोलतंय का, तर ते म्हणायचे बोलतंय, पण तुमच्याइतकं नाही. जनाबाईच्या हातची नळी मात्र नाना चार-चारदा पाण्याखाली धरून तपासायचे. ती वैतागायची, "नाय गळत नाना, लय बगून झालं." नाना म्हणायचे, गळत नाही हे मला माहीत आहे, तुला माहीत व्हावं म्हणून बघतोय. मला तेव्हा हे नुसतं बोलणं वाटायचं. पण वर्षभरात जनाबाईचं काम साहेब पाहुण्यांना दाखवू लागले.

दोन हजारनंतर तीन-चार वर्षांनी गच्च्यांवर काचेच्या नळ्या दिसायला लागल्या. चिनी. काळपट, लांब, ओळीने लावलेल्या, वर आडवी टाकी. आतून दुहेरी काच, मधली हवा काढून घेतलेली. तांबं नाही, झाळ नाही, आणि किंमत आमच्या जवळजवळ निम्मी. नाना पहिल्यांदा बघून म्हणाले, हा बंब नाही, हे बरण्यांचं दुकान आहे. आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्या ऑर्डरी इतक्या उतरल्या की हसणं बंद झालं.

साहेब हात बांधून बसले नव्हते हो. तसल्या नळ्या इथेच करता येतील का म्हणून महिनाभर फिरले. यंत्रं बघून आले, बँकेत जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, आपण एक नळी करू तेवढ्या पैशांत त्यांचा आख्खा बंब मुंबईच्या बंदरात उतरतो. रागाच्या भरात का होईना, त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बंब हा शब्द निघाला होता.

शेवटची आशा म्हणजे इंदिरानगरमधली अठ्ठेचाळीस घरांची सोसायटी. साहेबांनी टेबलापाशी येऊन तिघांना समोर उभं करून सांगितलं, की हे काम मिळालं तर टेबल वर्षभर चालेल, नाही मिळालं तर मला टेबल बंद करावं लागेल. जनाबाई तिच्या पोरीला त्या वर्षी नर्सिंगला घालणार होती. ते सगळ्यांना माहीत होतं.

सोसायटीचे अध्यक्ष मोठे न्यायी गृहस्थ. त्यांनी गच्चीवर दोन्ही यंत्रं बसवून घेतली, एक आमचं, एक चिनी नळ्यांचं. आणि परीक्षक कोण, तर म्हणाले, नाशकात याबाबतीत एकच माणूस आहे. तांबट नाना दोन्ही पाण्यांनी अंघोळ करतील आणि सांगतील ते आम्ही ऐकू. नळ्यांचा विक्रेता पण कबूल झाला. तो पोरगा नवखा होता, त्याला वाटलं असेल कोणी तरी शास्त्रज्ञ येणार. साहेबांना तर आकाश ठेंगणं झालं. रस्त्यात पेढे घ्यायचे का म्हणून त्यांनी मला दोनदा विचारलं.

जानेवारीतली सकाळ. खाली सोसायटीची मंडळी स्वेटर-मफलर घालून जमलेली. नाना पंचा खांद्यावर टाकून वर गेले. आधी आमच्या पाण्याने अंघोळ, मग अंग कोरडं करून पाच मिनिटं थांबून दुसरी. इतका वेळ लागला की अध्यक्षांनी सगळ्यांना चहा पाजला. मग नाना खाली आले. केस ओले, नाक लाल. साहेब पुढे झाले. नानांनी आमच्या यंत्राकडे बोट केलं आणि तीन बोटं दाखवली. मग दुसऱ्याकडे बोट केलं आणि पाच दाखवली.

"पाच तांबे विसण लागलं," ते म्हणाले. "पाणी चांगलं आहे त्यांचं."

परतीच्या गाडीत मी मागे बसले होते, म्हणून सगळं ऐकलं. साहेबांचा आवाज चढला नाही, उलट बसला होता. म्हणाले, नाना, खोटं नको होतं बोलायला, पण तीन-चार म्हणायला काय जात होतं तुमचं? नाना म्हणाले, "चटका बसला साहेब. कोमट कसं म्हणू?" मग सिटी सेंटरचा सिग्नल लागला. तिथे नाना परत म्हणाले, आणि बोअरचं पाणी असेल तर आपल्या नळ्यांत क्षार बसतो, त्यांच्यात कमी बसतो, तेही मी सांगायला हवं होतं, राहिलं. साहेबांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या.

मला त्या दिवशी नानांचा खूप राग आला. खरंच आला. अंघोळ त्यांची आणि भोगायचं जनाबाईने, असं मी तोंडावर बोलले. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

टेबल पावसाळ्याच्या आधी बंद झालं. जनाबाई द्राक्षांच्या पॅकिंगला गेली. पोरीचं नर्सिंग वर्षभर पुढे ढकललं, पण झालं शेवटी. इस्माईलभाईंनी मुलाच्या गॅस शेगडी दुरुस्तीच्या दुकानात बैठक मारली. साहेबांनी त्याच चिनी नळ्यांची एजन्सी घेतली आणि आमच्या कारखान्याचं गोदाम झालं. दुसरं काही करणं शक्य नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होते. आजही म्हणते. नानांना त्यांनी काढलं नाही, खोकी उघडून नळ्या तपासायचं काम दिलं. नानांनी पहिलं खोकं उघडलं, थर्माकोल बाजूला केला, नळी हातात घेतली आणि सवयीने लाकडी हातोडीची टिचकी मारली. अशी फुटली ती नळी, की शेजारच्या युनिटमधली माणसं पळत आली. काचांच्या ढिगात उभे राहून नाना मला म्हणाले, "बोलली, पण एकदाच."

त्यानंतर त्यांनी आपण होऊन काम सोडलं. मात्र आठवड्यातून एकदा चक्कर असायची. जुन्या नाशकातून बसने यायचे, माझ्या टेबलापाशी बसायचे, चहा प्यायचे आणि खोकी न्याहाळायचे. चीनशी ई-मेलवरचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला होता. तिकडून कोणी लिली नावाची मुलगी लिहायची. प्रत्येक पत्राची सुरुवात प्रिय मित्र अशी. साहेबांना प्रिय मित्र, मला प्रिय मित्र. तिचं आणि माझं इंग्रजी साधारण एकाच शाळेतलं होतं.

एकदा नव्या जातीच्या नळ्या आल्या. उंच इमारतींसाठी, दाबाच्या पाण्याला चालणाऱ्या. त्यात काचेच्या आत तांब्याची एक कांडी होती आणि तिच्या टोकाला तांब्याचं बोंड झाळलेलं. वाटेत एक नळी फुटली होती, तिची कांडी नाना उचलून माझ्यापाशी घेऊन आले. चष्मा कपाळावर चढवून, डोळ्याजवळ धरून, त्यांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली. चहा निवला.

"ही बाई आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, कोण? म्हणाले, जिने हे झाळलंय ती. बाप्या माणूस झाळ संपवताना हात झटकतो. हिने शेवट दाबून घेतलाय, करंजीची कड दाबतात तसा. आणि डावखुरी आहे, बघ, झाळ उलटी फिरलीय. मी म्हटलं नाना, तिकडे सगळं मशीनवर होतं. ते म्हणाले, मशीनला शेवट कळत नाही. मग कांडी माझ्या कीबोर्डवर ठेवून म्हणाले, तिला पत्र लिही. हात फार चांगला आहे म्हणावं.

मी हसले, पण ते हसत नव्हते. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सप्रेम नमस्कार विनंती विशेष, इथपासून. ते इंग्रजीत कसं घालायचं म्हणून मी प्रेमपूर्वक नमस्कार आणि एक खास विनंती, असं केलं. पुढे, तुमच्याकडच्या कांडीचं टोक आम्ही बारकाईने पाहिलं, ते करणाऱ्या कामगाराला कृपया कळवा. नाना म्हणाले, खोक्यावरचा नंबर टाक, नाहीतर एवढ्या मोठ्या कारखान्यात ती सापडणार कशी? मी नंबर टाकला. हात चांगला आहे हे वाक्य मी शेवटी घातलं, आणि माझ्या इंग्रजीने ते काय झालं असेल देव जाणे.

लिलीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. प्रिय मित्र, दर्जातील त्रुटीबद्दल क्षमस्व, फोटो पाठवा. मी घाबरून लिहिलं की त्रुटी नाही, स्तुती आहे. तिचं परत आलं. काळजी नसावी, बदली माल विनामूल्य पाठवत आहोत, आणि त्या जागेवरचा कामगार बदलण्यात आला आहे.

हे शेवटचं मी नानांना सांगितलं नाही. बदली माल फुकट येतोय, एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं बक्षीस आहे.

दोन महिन्यांनी खोकं आलं. नानांनी स्वतः उघडलं, काचेतून कांडी अलगद ओढून काढली, टोक उजेडाकडे धरलं. मी मान खाली घालून टाइप करत होते. काय टाइप करत होते ते मलाही माहीत नाही.

"हा तिचा हात नाही," नाना म्हणाले.

त्यांनी दुसरी काढली, तिसरी काढली. सगळं खोकं पाहून झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसले. आवाज अगदी बारीक.

"सुनंदा, तू नीट लिहिलं होतंस ना? तक्रार नाही म्हणून?"

मग मी सगळं सांगितलं. मला रडू आलं, ते काही मी लपवलं नाही. नाना रागावले नाहीत. नुसते कांडीवर अंगठा फिरवत राहिले. तिलाही पोरंबाळं असतील, म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, लिही. चूक आमची होती, तिची नव्हती. तिच्याएवढं चांगलं काम इकडे आमच्या फक्त जनाबाईचं होतं. तिला परत टेबलावर घ्या. खाली तांबट, नाशिक, असं लिही, आणि नंबर टाक. मी लिहिलं, त्यांच्यासमोर तीनदा वाचून दाखवलं, आणि पाठवलं. गेलं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेलं, पण तिकडे आता ऑफिस सुटलं असेल, उद्या बघतील. नानांनी जरा विचार केला.

"त्यांची सकाळ आपल्या आधी होते ना?"

मी हो म्हटलं.

त्या पत्राचं उत्तर कधीच आलं नाही. लिलीचं पुढचं पत्र आलं ते नव्या मॉडेलच्या दरपत्रकाचं. पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी मी नऊला गोदामाशी पोचले तेव्हा नाना शटरच्या पायरीवर बसलेले होते. सहाच्या पहिल्या बसने आले होते. मी अजून कुलपाला किल्लीही लावली नव्हती, तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आलं का?"